कन्याशाळेची वेशीबाहेरची सभा

सभेची नोटीस विनीतने नियमाप्रमाणे सात दिवस आधी काढली आणि देवाने गावपळणीचा कौल नेमका त्याच तारखांना दिला, यात देवाची काही चूक नव्हती. देवाला नोटीस मिळालेली नव्हती. चार वर्षांतून एकदा माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं सगळ्यांनी तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहायचं, गाव देवाच्या हवाली करायचा आणि पुन्हा कौल मिळाला की परतायचं, हे हडकरांच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फक्त कन्याशाळेचे मुख्याध्यापक श्री. विनीत हडकर ते नोटीस काढताना विसरले. मग त्यांनी सभेच्या जागेत बदल झाल्याचं शुद्धिपत्रक काढलं, सुवाच्य अक्षरात लिहिलं, सही-शिक्का केला आणि शाळेच्या फलकावर लावलं. दुसऱ्या दिवशी गाव रिकामा झाला. शुद्धिपत्रक वाचायला मागे एकटा देव राहिला.

सभेच्या इतिवृत्ताची वही शाळेच्या कपाटात राहिली होती, हे विनीतला ओहोळापलीकडच्या माळावर खोप बांधून झाल्यावर आठवलं. आता तीन दिवस गावात पाऊल टाकायची सोय नव्हती. कोंबड्या आठवणीने आणल्या होत्या.

हडकरांची खोप म्हणजे चार खांब, वर झावळ्या आणि खाली चटया. भिंत एकही नाही. घरी हडकरांचे निर्णय ओटीवर होत. म्हणजे ते स्वयंपाकघरात आधीच झालेले असत आणि पुरुषांना ते ओटीवर जाहीर करण्याचा मान असे. इथे ओटी नाही आणि स्वयंपाकघरही नाही, त्यामुळे सगळे एकमेकांना दिसत होते आणि एकमेकांचं ऐकूही येत होतं. विनीतच्या बायकोला, शर्मिलाला, तर नवरा रिकामा बसलेलाही दिसत होता. तिने त्याच्यापुढे खोबरं कातायचा आडाळो सरकवला आणि दोन नारळ ठेवले.

म्हणून सकाळी ठीक अकरा वाजता, आडाळ्यावर उकिडवं बसून, हातात अर्धी करवंटी घेऊन, विनीतने कन्याशाळेच्या विश्वस्तांची सभा सुरू केली.

"सभेक सुरवात करूया," तो म्हणाला.

"खोबरा संपव आदी," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

रुक्मिणीबाई म्हणजे विनीतची आई. वय शहात्तर, कान शाबूत. शाळा त्यांची. त्यांच्या सासऱ्यांना, दाजींना, शिकलेली सून चुलीपुढे बसलेली बघवेना, तेव्हा त्यांनी घरासमोरच्या शेतात तीन खोल्या बांधल्या आणि तिच्या हातात छडी दिली. मागाहून ट्रस्टच्या कागदात एक अट घातली: मुलींखेरीज कोणाला प्रवेश द्यायचा झाला तर सूनबाईंची लेखी संमती हवी. पन्नास वर्षं ती संमती कोणी मागितली नव्हती. गाव त्यांना बाई म्हणे. शर्मिला त्यांची विद्यार्थिनी होती, ती लग्नानंतरही बाईच म्हणत राहिली. त्यांना आये म्हणणारी माणसं जगात दोनच, विनीत आणि मुंबईहून खास गावपळणीसाठी रजा टाकून आलेला त्याचा धाकटा भाऊ धनेश.

हे चौघं विश्वस्त. शिवाय रसिका, विनीतची मुलगी, नववीत, त्याच शाळेत. तिला शंभरपानी वही देऊन इतिवृत्त लिहायला बसवलं होतं.

प्रश्न साधा होता. येत्या जूनला पाचवीत वीस मुलं दिसली नाहीत तर वर्ग जाणार, असं वरच्या ऑफिसने कळवलं होतं. पाचवी गेली की पाच वर्षांत शाळा आपोआप संपते. आसपासच्या वाड्या धरून चौथीत मुली होत्या तेरा. मुलगे होते आठ, आणि ते जिल्हा परिषदेच्या शाळेत याच मुलींच्या शेजारी बसून चौथीपर्यंत आले होते. एरवी ते पुढे शेजारच्या कट्टा गावच्या शाळेत गेले असते. त्यांना घेतलं तर एकवीस. अर्ज सोमवारी द्यायचा होता आणि त्यावर रुक्मिणीबाईंची सही हवी होती.

विनीतने भाषण तयार केलं होतं. अडचण एवढीच की गेली अठरा वर्षं दर स्नेहसंमेलनात त्याने 'मुलींची शाळा वेगळी का हवी' या विषयावर भाषण केलं होतं, आणि ते चांगलं होतं. आता नेमकं उलटं बोलायचं होतं. काल संध्याकाळी ओहोळाकाठी फिरत त्याने तालीम केली तेव्हा जुन्या भाषणातली निम्मी वाक्यं नव्यातही चपखल बसली. त्यामुळे त्याला स्वतःच्या वक्तृत्वाबद्दल समाधान वाटलं आणि विचारांबद्दल थोडी शंका आली.

"मुलगे आणि मुली ही समाजरथाची दोन चाकं," त्याने सुरुवात केली.

"दादा, भाषण नको," धनेश म्हणाला. "आये, माझा सरळ मत सांगतंय. मुलगे घेवया. मुंबैक माझे दोनव झिलगे मुलींवांगडा शिकतत. काय एक होणा नाय."

"तुझ्या झिलग्यांका काय होणा नाय, ता माका म्हायत आसा," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मी चेडवांचा, मुलींचा विचारतंय."

धनेशने भाजलेल्या काजूंच्या वाटीत हात घातला.

"मी शाळेत होतंय तेव्हा वर्गात आमी तीन चेडवां," त्या पुढे म्हणाल्या. आवाज चढला नाही. तो कधी चढवावा लागला नव्हता. "मास्तर आमका मागे बसयत. वर्ग झाडूक आमी, पाणी भरूक आमी. स्कॉलरशिपच्या परीक्षेक झिलग्यांका मालवणाक न्हेल्यानी. मास्तर म्हणालो, चेडवांका रातचा खंय ठेवतलंय? माका सगळी गणिता येय होती. त्या दिवशी मी वर्ग झाडलंय आनी घराक इलंय. माझ्या शाळेत चेडू पाणी भरी, पण ता आपल्यासाठी भरी. समाजला?"

"ता बरोबर आसा," धनेश म्हणाला.

"मगे?"

"मगे म्हणजे... ता बरोबर आसा." धनेश फितूर झाला होता. मुंबईहून निघताना त्याने फोनवर भावाला सांगितलं होतं, तू काळजी करू नको, आयेला मी बघतो.

विनीतने आशेने शर्मिलाकडे पाहिलं. परवाच घरी ती म्हणाली होती की मुलगे घ्यायलाच हवेत, नाहीतर कुलूप लागेल. ती पेडव्यांची खवलं काढत होती.

"शर्मिला, तुझा मत सांग," तो म्हणाला.

"सांगू?" तिने सुरी खाली ठेवली. "मी बाईंच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलंय. मगे मालवणाक कॉलेजात. पयल्या वर्षी एका झिलग्याशीव बोलूक नाय. आनी ह्ये," तिने नवऱ्याकडे बोट केलं, "कट्ट्यासून मुलग्यांच्या शाळेतसून इलेले. माझ्या मागच्या बाकार. दोन वर्षां एक शब्द बोलूक नाय. एकदा माझा पेन खाली पडला, तर ता पायान पुढे ढकलल्यानी."

विनीतला ते पेन आठवत होतं. निळ्या टोपणाचं. त्या दिवशी आपण फार धीट वागलो असं वाटून तो घरी आल्यावर दोन भाकऱ्या जास्त जेवला होता. पुढे तीन वर्षांनी लग्नासाठी शेवटी आईनेच शर्मिलाला विचारलं होतं. विनीत तेव्हा गोठ्यामागे उभा होता.

"म्हणजे एकत्र शाळा व्हयी," तो घाईने म्हणाला. "आमच्यासारखी गत पोरांची होव नये."

"मी तसा म्हणूक नाय. तुमी भिऊन गप होतास. मी भिऊन गप नव्हतंय. बोलण्यासारखो कोण मेळूक नाय." शर्मिलाने पुन्हा पेडवा उचलला. "कबड्डीची कॅप्टन मी. गॅदरिंगाक माईकार बोलूक मी. थय झिलगे असते तर कोणी माका माईक दिल्यानी असतो? माझा मत बाईंवांगडा."

"परवा तू घरात..."

"परवा घरात बाई नव्हत्यो."

रसिका भरभर लिहीत होती. "बाबा, पेनाचा लिवू?"

"नको."

"लिवलंय."

विनीतने करवंटी बदलली. चार मतांत तो आता एकटा उरला होता. त्याने शेवटचा आधार म्हणून मुलीकडे वळायचं ठरवलं, कारण नवी पिढी आपल्या बाजूने असते असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

"रसिका, तू विश्वस्त नायस, पण विद्यार्थिनी म्हणान सांग. वर्गात मुलगे इले तर बरा ना?"

"ढोल कोणाच्या गळ्यात जातलो?" रसिकाने विचारलं. शाळेच्या लेझीम पथकाचा ढोल दोन वर्षं तिच्याकडे होता.

"तुझ्याच. कोण काढून घेवचो नाय. तसो नियमच करूया."

"नियम कित्याक? झेडपीच्या शाळेतव नियम नव्हतो. झांजो आमका, ढोल तेंका. कोणी ठरवूक नव्हता. आपसूक होय." ती वहीत पाहत म्हणाली. "आनी बाबा, माका तुमी विचारतास म्हणान सांगतंय. घरात तुमीच, शाळेत तुमीच. शाळेत तुमका सर म्हणूचा लागता आनी घराक इल्यार तुमी विचारतास, आज शाळेत काय झाला. तुमका म्हायत असता काय झाला ता."

धनेश मोठ्याने हसला आणि काजू घशात अडकून खोकला. शर्मिलाने त्याला पाणी दिलं. रुक्मिणीबाई हसल्या नाहीत. त्या नातीकडे नीट बघत होत्या.

इथे विनीतचा तोल गेला. त्याचा तोल जाणं ही घरात दुर्मीळ गोष्ट होती आणि ती आडाळ्यावर बसून झाली, त्यामुळे तिचा व्हायचा तसा प्रभाव पडला नाही.

"बरा," तो म्हणाला. "नका घेव मुलगे. शाळा बंद पडांदे, मगे ढोल आनी माईक घराक हाडूया, पोटमाळ्यार ठेवूया. पण त्या आठ पोरांचा कोणी इचार केलास? शाळा तेंच्या दारात. आनी तेंनी दप्तर घेवन कट्ट्याक जावचा. पावसात. वह्यो भिजतत, शाई फुटता, मगे मास्तर मारता. घरासमोरसून जाताना खिडकीतसून आवाज येता. सतराचो पाढो. सगळ्या चेडवांका शिकवतत, एकेकीच्या पाटीर हात धरून गिरवून घेतत, आनी आपण भायरसून चालत जावचा. कोण खिडकीतसून बघतव नाय. सहा वर्षां. एक दिवस तरी बघूचा."

टोपलीखाली कोंबड्या कुरकुरल्या.

"आता पाटी खंय आसा," धनेश हळूच म्हणाला. "आनी कट्ट्याक तर एस्टी जाता, दादा."

"ह्यो त्या आठ पोरांचा सांगणा नाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "ह्यो स्वतःचा सांगता."

विनीतने नाही म्हणायला तोंड उघडलं. पण सतराचा पाढा सुटून गेला होता, तो परत घेता येईना. तो बावन्न वर्षांचा होता, त्याला चाळिशीचा चष्मा लागून दहा वर्षं झाली होती, जिल्हा मुख्याध्यापक संघाचा तो सहचिटणीस होता, आणि शाळा वाचवण्याचं एवढं मोठं काम त्याने हाती घेतलं होतं ते कशासाठी, हे आत्ता बायको, भाऊ आणि मुलगी यांच्यादेखत त्याच्या लक्षात येत होतं.

"माका तुझ्या वर्गात बसूचा होता, आये," तो म्हणाला.

"म्हायत आसा."

"परवानगी नव्हती, ता मी समजतंय. सरकारी मान्यता मुलींची. तुझो काय इलाज नव्हतो."

रुक्मिणीबाईंनी पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

"परवानगी होती," त्या म्हणाल्या. "इन्स्पेक्टर आपणहून म्हणालो होतो. बाई, तुमचो झील बसांदे पाचवीत, कोण इचारता. दाजीव म्हणाले, नातू उन्हात कित्याक जाता. मीच नको म्हटलंय."

"कित्याक?"

"पाटे चारापासून घरात सगळी माका हाक मारीत. आये, सूनबाई, वयनी, काकी. कोणाक च्या व्हयी, कोणाक पेज, कोणाचा ढोपर फुटला. शाळेत अकरा ते पाच माका बाई म्हणीत. थय मी काय शिकयलंय, कसा शिकयलंय, तेवढाच. तू वर्गात इलो असतस तर मधल्या सुट्टीत रडत माझ्याकडेच इलो असतस, आनी माका थयसरव तुझी आवसच होवचा लागला असता." त्या थांबल्या. "माका ते सहा तास व्हये होते, विनू. तुका उन्हात धाडून मी ते घेतलंय. खिडकीकडे मी मुद्दाम बघी नाय होतंय. बघलंय असतंय तर तुका आत हाडलंय असतंय."

चाळीस वर्षं विनीतचा राग महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागावर होता. शिबिरांत, सभांत, वरून येणाऱ्या प्रत्येक साहेबाशी बोलताना तो राग त्याने जपून वापरला होता. विभाग निर्दोष निघाला. विनीतला वाईट वाटलं, अगदी दहा वर्षांच्या मुलाला वाटावं तसं उघडं वाईट वाटलं, आणि त्याच वेळी आईचं बोलणं खरं आहे हेही पटलं. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा सांभाळायच्या हे बी.एड.ला शिकवलेलं नव्हतं. त्याने उरलेलं खोबरं कातायला घेतलं.

रसिकाने पेन बंद करून वहीत ठेवलं होतं.

"अर्ज हाड," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"सही करतलंस?"

"शाळा बंद करून माझे सहा तास परत गावणत नाय. मी ते घेतलंय, खाल्लंय, संपले. आता थय ज्यो शिकवतत तेंचे ते." त्यांनी नातीकडे मान वळवली. "रसिका, लिव. ढोल वाजवण्याची परीक्षा होतली, दर वर्षी, सगळ्यांसमोर. जो बरो वाजवीत तेच्या गळ्यात. वर्ग झाडूची पाळी आनी पाण्याची पाळी हजेरीच्या नंबरान. आनी मुख्याध्यापकांनी घरात आपल्या चेडवाक शाळेचा काय एक विचारूचा नाय."

"ठरावात ता कसा लिवतले?" विनीत म्हणाला.

"सूचक रुक्मिणी, अनुमोदक शर्मिला," शर्मिला म्हणाली.

त्याने पिशवीतून अर्ज काढून दिला. त्याला खोबऱ्याची बोटं लागली. रुक्मिणीबाईंनी अर्ज पूर्ण वाचला. सही करण्याआधी पूर्ण वाचायचं, हे त्यांनी मुलींच्या कित्येक पिढ्यांना शिकवलं होतं. मग जोडलेली मुलग्यांची यादी वाचली. आठव्या नावावर त्यांचं बोट थांबलं.

"ओमकार. ह्यो रश्मीचो झील मा? आपल्या शाळेत शिकवता त्या रश्मीचो?"

"व्हय. ती तर खूश होतली. शाळा दारात, आवस शाळेत."

"तिका विचारलंस?"

"विचारूचा काय तेच्यात?"

रुक्मिणीबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "जा, विचारून ये. मगे सही करतंय."

रश्मीबाईंची खोप तिसरी. विनीत यादी आणि पेन घेऊन निघाला. वाटेत त्याला ध्यानात आलं की आपण खोबरं कातताना सदऱ्यावर बांधलेला बायकोचा जुना टॉवेल तसाच घेऊन चाललो आहोत, पण परत जाण्यात अर्थ नव्हता. माळावर त्याला सगळ्यांनी पाहिलं होतं.

रश्मीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या सासूबाई, सुभद्राकाकी, खांबाला टेकून पान लावत होत्या. विनीतने ऑफिसातल्या मराठीत विषय मांडला: शाळेत मुलग्यांना प्रवेश देण्याचा विचार आहे, यादीत आपल्या ओमकारचं नाव आहे, आपली हरकत नसावी.

"हरकत कसली," सुभद्राकाकी म्हणाल्या. "देव पावलो. पोर डोळ्यांसमोर रवतला."

एरवी विनीत इथेच आभार मानून परतला असता. परतायला तो निम्मा वळलाही होता.

"काकी, मी रश्मीबाईंका विचारतंय," तो म्हणाला.

रश्मीबाईंनी सूप खाली ठेवलं.

"सर, खरा सांगू?"

"सांगा."

"तेका कट्ट्याक जांवदे."

"असा काय गो?" सुभद्राकाकींच्या हातातलं पान तसंच राहिलं. "दारातली शाळा सोडून? तू आवस मा तेची?"

"व्हय," रश्मीबाई म्हणाल्या. "म्हणानच." त्यांनी सूप पुन्हा उचललं.

विनीतने पटकन हिशेब केला. एकविसांतला एक गेला तर वीस. बरोबर काठावर. एक पोर जुलैत आजारी पडलं तरी वर्ग धोक्यात. रश्मीबाईंना समजावून सांगता आलं असतं, त्याला समजावणं चांगलं येई. त्याने यादी गुडघ्यावर ठेवली आणि आठव्या नावावर रेघ मारली. रेघ सरळ यावी म्हणून त्याने श्वास धरला होता.

मान वर केली तेव्हा ओमकार समोर उभा होता. ओहोळातून आला होता, चड्डी ओली, हातात दोरीला बांधलेला खेकडा. त्याने कागदावरचं आपलं नाव वाचलं होतं आणि त्यावरची रेघही.

"सर, माझा नाव खोडलास?"

"व्हय."

"कित्याक?"

विनीतकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. त्याला ते चाळीस वर्षांनी, अर्ध्या तासापूर्वी मिळालं होतं. पण ते द्यायचं की नाही, आणि कधी, हे त्या सुपावर वाकलेल्या बाईंचं काम होतं. त्याने टॉवेलाला बोटं पुसली आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"एस्टी चुकली तर चलत जावचा लागतला," तो म्हणाला. "जाताना डाव्या अंगान चल. काजूच्या झाडांची सावली आसा थय. येताना काय उपाय नाय."